रिटर्न भाडं चेन्नईत शोधू नका, पिंपळगावातच ठरवून निघा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा की तुम्ही जुनी दहा टायरची ट्रक घेतली, पिंपळगाव बसवंतहून कांदा भरून चेन्नईला गेलात, जायचं ७८ हजार भाडं मिळालं, गाडी खाली झाल्यावर परतीच्या मालासाठी पाच दिवस थांबलात आणि शेवटी कंटाळून ४० हजारात मिळाला तो माल भरून आलात. आता विचारताय की थांबलो ते बरोबर केलं का, की रिकामं यायला पाहिजे होतं, आणि रिटर्न लोड मिळवायला कुठलं ॲप चांगलं.

मी २४ वर्षं या लाइनीत आहे. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर, मग मालक, आज पाच गाड्या आहेत, त्यातल्या तीन साउथच्याच लाइनीला चालतात. तुमच्यासारखं थांबून मीही खूप बघितलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक आकडा काढा, गाडी उभी राहिली तर दिवसाला किती खाते. माझ्या दहा टायरचे वहीतले आकडे गोल करून सांगतो, तुम्ही तुमचे टाका. हप्ता ५८ हजार, इन्शुरन्स टॅक्स परमिट फिटनेस सगळं महिन्यावर वाटलं तर ११ हजार, ड्रायव्हरचा पगार २४ हजार. झाले ९३ हजार, म्हणजे दिवसाला ३,१००. गाडी चालो नाहीतर धाब्यावर उभी राहो, हे जाणारच. तुम्ही पाच दिवस थांबलात म्हणजे साडेपंधरा हजार तिथेच गेले, फक्त ते खिशातून एकदम गेले नाहीत म्हणून जाणवलं नाही.

आता तुमची फेरी मांडू. लोडमध्ये माझी गाडी ४.२ चा ॲव्हरेज देते, रिकामी ५.८ चा, डिझेल ९२ रुपये धरतो. पिंपळगाव ते चेन्नई १,३१० किलोमीटर धरा, जायचं डिझेल २८,७००, यायचं लोडमध्ये तेवढंच. टोल दोन्ही बाजूचा १८ हजार धरा (आणि टोल गाडीच्या एक्सलवर असतो, मालावर नाही, रिकामी गाडी आणली म्हणून एक रुपया कमी होत नाही). भत्ता, कमिशन, हमाली, पंक्चर वगैरे ९ हजार. खर्च झाला ८४,४००. भाडं मिळालं ७८ आणि ४०, म्हणजे १,१८,०००. उरले ३३,६००. ऐकायला बरं वाटतं, पण दिवस मोजा. जायला तीन, खाली व्हायला एक, थांबलात पाच, भरायला एक, यायला तीन, इथे खाली करायला एक. चौदा दिवस. दिवसाला २,४०० पडले आणि गाडी खाते ३,१००. म्हणजे दोन्ही बाजूला भरून जाऊनसुद्धा ही फेरी तोट्यात गेली.

रिकामं आला असता तर? डिझेल २०,८००, कमिशन-हमाली एकाच बाजूची म्हणून बाकीचा खर्च ७ हजार धरला तर सात दिवसांत ३,५०० उरले असते, दिवसाला पाचशे. त्यामुळे चेन्नईसारख्या लांबच्या लाइनीत रिकामं येणं परवडतच नाही, जायच्या भाड्यात परतीचा खर्च कोणी देत नाही तुम्हाला.

आणि देत का नाही, हे नीट समजून घ्या कारण सगळी मेख तिथेच आहे. पिंपळगावच्या किंवा लासलगावच्या मार्केटबाहेर सकाळी उभं राहून नंबरप्लेटी बघा. नाशिकच्या एमएच-१५ असतात, मालेगावच्या एमएच-४१ असतात, आणि मध्ये मध्ये टीएन-२८ दिसतील. टीएन-२८ म्हणजे तमिळनाडूतलं नामक्कल, तिकडे गावंच्या गावं लॉरीच्या धंद्यात आहेत, शेजारी संकगिरी तसंच. ती गाडी तिकडून माल घेऊन मुंबई, भिवंडी, नाशिकला आलेली असते, खाली झालेली असते आणि तिला घरी जायचं असतं. तिच्यासाठी आपला कांदा हा रिटर्नचा माल. म्हणून ती टनाला दोनशे-तीनशे रुपये कमीत भरते, आणि कांद्याचा व्यापारी आपल्याला म्हणतो घ्यायचं तर या भावात घे. आपलं जायचं भाडं त्यांच्या रिटर्नवर ठरतं. उलट तिकडे सेलम-चेन्नईला जे महाराष्ट्राचं भाडं निघतं ते त्यांचं जायचं भाडं असतं आणि आपण तिकडे रिटर्नवाले म्हणून कमीत भरतो. दोघंही एकमेकांचा भाव पाडतो आणि दोघंही दुसऱ्याच्या अड्ड्यावर जाऊन चार-चार दिवस अनोळखी माणसासारखे बसून राहतो.

मला हे कळायला बरीच वर्षं लागली. साधारण २०११-१२ ची गोष्ट असेल, पिंपळगावात नामक्कलच्या एका गाडीचा क्लच गेला, ड्रायव्हरला हिंदी जेमतेम, मालक फोनवरून तमिळमध्ये ओरडतोय. मी ओळखीच्या मिस्त्रीकडे गाडी नेली, दीड दिवस लागला, आणि मग आमच्याच व्यापाऱ्याचा कांदा त्याला भरून दिला. कमिशन घेतलं नाही. त्या मालकाने चार दिवसांनी फोन केला, तुझी गाडी इकडे आली की सांग म्हणाला. आज तेरा-चौदा वर्षं झाली, मी त्यांना अण्णा म्हणतो, ते मला शेठ म्हणतात, दोघांची हिंदी सारखीच मोडकी. माझी गाडी इथून निघाली की त्यांना फोन जातो, गाडी बेंगळुरूच्या पुढे गेली की त्यांचा फोन येतो की अमुक गोडाउनला साबुदाणा आहे, परवा सकाळी लाव. त्यांची गाडी भिवंडीत खाली व्हायच्या आदल्या दिवशी मी इथे माल बघून ठेवतो. कमिशन ना ते देतात ना मी. याला मी रिटर्न लोड म्हणतो, बाकी सगळं नशीब आहे.

साबुदाण्याचं मुद्दाम सांगतो कारण आपल्याकडच्या खूप मालकांना हे माहीत नसतं. आपण उपवासाला खिचडी खातो तो साबुदाणा बहुतेक सगळा सेलम भागातून येतो, तिकडे टॅपिओकाचं कंद पिकतं आणि त्याचे कारखाने आहेत. ते लोक तो फारसा खात नाहीत, खातो आपण. त्यामुळे आषाढी, श्रावण, नवरात्र या आधीचा महिनाभर सेलमहून महाराष्ट्राकडे गाडीची मागणी असते आणि भाडं वर जातं. जोडीला इरोडची हळद, पोल्लाचीचा नारळ, शिवकाशीच्या वह्या आणि काड्यापेटी, तिरुपूरचं होजिअरी. शिवकाशीचे फटाके मात्र लायसन्स आणि योग्य गाडीशिवाय भरू नका, दिवाळीआधी डबल भाडं सांगतात आणि नवीन मालक भुलतो, आग लागली तर इन्शुरन्सवाला कागद बघूनच हात वर करतो.

तर तुम्ही चेन्नईत खाली झाल्यावर पाच दिवस थांबायच्या ऐवजी त्याच दिवशी रिकामे सेलमला गेला असता तर काय झालं असतं? चेन्नई-सेलम साधारण ३४० किलोमीटर, डिझेल ५,४०० आणि टोल दोन हजार, ७,४०० खर्च. म्हणजे अडीच दिवस थांबण्याएवढा. तिथून ४४ हजाराचं भाडं धरा. सेलम ते पिंपळगाव १,२७० किलोमीटर, डिझेल २७,८००. सगळा खर्च होतो ९०,९००, भाडं १,२२,०००, उरले ३१,१००. तुमच्यापेक्षा अडीच हजार कमी उरले, पण फेरी दहा दिवसांत झाली. चौदा दिवसांच्या महिन्याला दोन फेऱ्या होतात, ६७ हजार. दहा दिवसांच्या तीन होतात, ९३ हजार. गाडीचा महिन्याचा खर्च ९३ हजार आहे हे वर लिहिलंच आहे, म्हणजे इथे कुठे गाडी स्वतःचा खर्च स्वतः काढायला लागते. फेरीत किती उरले ते बघूच नका, फेरीचे उरलेले भागिले दिवस, हा एकच आकडा वहीत लिहा.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, चेन्नईत कोणीतरी म्हणेल की सेलमपर्यंत माल आहे, रिकामा कशाला जातोस, पाच-सहा हजार सुटतील. नॅशनल परमिटवर आपल्याला दुसऱ्या राज्याच्या आतल्या आत माल उचलून तिथेच उतरवता येत नाही. चेन्नईहून बेंगळुरूचा माल चालतो, चेन्नईहून सेलमचा नाही. आरटीओने धरलं की ते सहा हजार तर जातातच, गाडी अडकते ती वेगळी.

आता याच्याही पुढची गोष्ट, जी मी सगळ्यात जास्त पाळतो. परतीचा माल कुठून आहे ते आधी बघायचं आणि त्याप्रमाणे जायचा माल निवडायचा. चेन्नईला ७८ हजार मिळतात आणि सेलमला कांदा घेऊन गेलं तर समजा ७२ हजार, तर नवीन माणूस चेन्नई उचलतो, सहा हजार जास्त दिसतात ना. पण सेलमला खाली झालो तर ते ३४० किलोमीटर रिकामे वाचतात आणि एक दिवस वाचतो. हिशोब करा, ७२ आणि ४४ मिळून १,१६,०००, खर्च ८२ हजार, उरले ३४ हजार, नऊ दिवसांत. दिवसाला पावणेचार हजार पडले. सहा हजार कमी घेऊन फेरी सगळ्यात चांगली झाली. जायच्या भाड्याचा मोठा आकडा बघून गाडी लावायची सवय मोडायला मला दहा वर्षं लागली, तुम्ही पहिल्या वर्षातच मोडा.

जवळच्या लाइनीचं गणित वेगळं आहे, ते पण सांगून टाकतो कारण तुम्ही मधे वाशी पण करता असं लिहिलंय. वाशीत खाली झाल्यावर परतीच्या मालासाठी अर्ध्या दिवसापेक्षा जास्त थांबू नका. तिथे गाडी रिकामी घरी आली आणि दुसऱ्या दिवशी परत भरून गेली तर जास्त मिळतं. नॅशनल हायवेच्या टोलला २४ तासांत परत आलात तर दोन्ही फेऱ्यांचे मिळून दीडपट लागतात, फास्टॅगमध्ये आपोआप होतं, फक्त स्टेटमेंट तपासत जा.

किती कमी भाड्यात रिटर्न भरायचं, याचा तळ कसा काढायचा तेही बघा. गाडी घरी येणारच आहे, त्यामुळे रिकामं येण्याचा खर्च जमेस धरू नका. माल भरल्यामुळे जो जास्तीचा खर्च होतो तेवढाच धरायचा, म्हणजे डिझेलचे जास्तीचे आठ हजार, भरायचा आणि खाली करायचा मिळून दोन दिवसांचे सहा हजार, कमिशन-हमाली दोन-अडीच हजार. साडेसोळा झाले. याच्या खाली कोणी देत असेल तर रिकामं या, ड्रायव्हर तरी घरी लवकर पोचेल. पण हा आकडा तुमच्या मनात ठेवायचा, ब्रोकरसमोर कधी तोंडातून काढायचा नाही. रिटर्नची गाडी आहे, डिझेल निघालं तरी चालेल, असं आपल्याच ड्रायव्हरने अड्ड्यावर सांगितलं की त्या दिवशी त्या अड्ड्यावरच्या सगळ्या एमएच गाड्यांचा भाव पडतो. हे मी मनापासून सांगतोय, हे आपणच आपल्या लोकांचं नुकसान करतो.

आता गाडी. कांद्यानंतर हौद्याची, म्हणजे माल भरतो त्या भागाची, काय अवस्था असते तुम्हाला माहीत आहे, साली, पाणी सुटलेलं, फळ्यांमध्ये सडका कांदा अडकलेला. एकदा माझी गाडी सेलमला साबुदाण्याला लावली, ड्रायव्हरने झाडून घेतलं होतं, वरून साफ दिसत होतं. गोडाउनचा म्हातारा मुकादम आला, चप्पल काढून हौद्यात चढला, गुडघ्यावर बसला आणि फळीच्या फटीत बोट घालून नाकाला लावलं. काही बोलला नाही, खाली उतरला आणि मागच्या गाडीला हात केला. गाडी दीड दिवस गेली. त्याचं काही चुकलं नाही, साबुदाणा वास आणि ओल लगेच पकडतो, पोती इथे पोचून परत गेली असती तर भाड्यातून कापलं असतं. तेव्हापासून माझ्या गाडीत कायम कडक खराटा, फटी कोरायला लोखंडी पट्टी आणि दोन जाड प्लास्टिकचे कागद असतात. कांदा खाली झाला की आधी फटी कोरायच्या, मग प्रेशरने धुवायचं, मग फाळका (हौद्याचं मागचं दार) उघडा ठेवून दोन-तीन तास उन्हात वाळवायचं, कागद अंथरायचा आणि मगच माल घ्यायला जायचं. सातशे-आठशे रुपये जातात. ताडपत्री पण बघा, भोक असलेल्या ताडपत्रीवर किराणा माल कोणी देत नाही आणि देऊ पण नये.

आणि त्याच कारणाने खत, केमिकल, स्क्रॅप असला रिटर्न मिळाला तरी खाण्याच्या मालाच्या गाडीत भरत नाही मी. स्क्रॅपला भाडं बरं असतं म्हणून एकदा भरलं होतं, फळ्या फाटल्या, नवीन प्लाय टाकायला भाड्यातला नफा गेला आणि पुढचा महिनाभर बारदान फाटतंय म्हणून तक्रारी.

वजनाचं बोलतो. दहा टायरचं एकूण पासिंग, म्हणजे गाडी आणि माल मिळून चालणारं वजन, २०१८ पासून साडेअठ्ठावीस टन आहे, गाडीचं वजन वजा केलं की साडेअठरा-एकोणीस टन माल बसतो. परतीला ब्रोकर हमखास म्हणतो दोन टन जास्त टाक, तेवढंच भाडं वाढेल. दोन टनाचे चार-साडेचार हजार मिळतात आणि धरलं तर दंड २० हजार, वर जास्तीच्या दर टनाला दोन हजार, शिवाय जास्तीचा माल उतरवायला लावतात. भरल्यावर काटा करा, पावती ड्रायव्हरजवळ असू द्या.

कागदात ई-वे बिल (मालाबरोबर लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) स्वतः उघडून बघा, आपल्या गाडीचा नंबर बरोबर आहे का आणि मुदत किती. दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, सेलमहून आपल्याला सात दिवस मिळतात, भरपूर आहेत. पण गाडी बंद पडली तर मुदत संपायच्या आधी आठ तास किंवा नंतर आठ तास यातच वाढवता येते, तेव्हा पार्टीला, म्हणजे मालवाल्याला, रात्री दोन वाजता पण उठवायला लाजू नका. माझ्या एका गाडीच्या बिलात नंबरचा एक आकडा चुकला होता, हुबळीच्या पुढे एक दिवस उभी होती. टीडीएस कापतो म्हणाले तर पॅन आणि दहापेक्षा जास्त गाड्या नाहीत असं लिहून द्या, मग कापायचं कारण नाही. नवीन लोक हे देत नाहीत आणि पैसे अडकवून घेतात.

पैशाचं एकच, ॲडव्हान्समध्ये डिझेल, टोल, भत्ता निघालाच पाहिजे, आणि बाकी रक्कम कोण देणार, पार्टी की ब्रोकर, हे बिल्टीवर (मालाच्या वाहतुकीच्या पावतीवर) लिहून घ्या. हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, पण लिहून घ्या. कांद्याचा भाव पडत असला की व्यापारी मुद्दाम गाडी खाली करत नाही, तुमची गाडी म्हणजे त्याचं फुकटचं गोडाउन होतं, आणि तुमचा सेलमचा माल तोपर्यंत दुसऱ्याच्या गाडीत जातो. पहिल्या दिवसानंतर दिवसाला अमुक इतके, असं लिहिलेलं असलं की हमाल लगेच सापडतात. आणि हमाली, वाराई (माल उतरवायचे पैसे) यावरून दोन्ही टोकांना भांडण होतंच, ज्याचा माल त्याचा हमाल हे भाडं ठरवतानाच बोलून घ्या, दारात गाडी लावल्यावर कोणी ऐकत नाही.

ॲपबद्दल विचारलंय. वापरा, मी पण बघतो, मुख्यतः भाव काय चाललाय ते कळायला. पण ॲपवर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर लोड टाकणारा माणूस जर गाडी लागायच्या आधीच गेटपासचे, नोंदणीचे, कमिशनचे पैसे पाठव म्हणाला तर फोन ठेवा. माझ्या पुतण्याने असेच चार हजार पाठवले, कंपनीच्या गेटवर गेला तर तिथे असा कुठला माल नव्हताच आणि तो नंबर बंद. माल डोळ्यांनी बघितल्याशिवाय, बिल्टी हातात आल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही.

वार पण बघून निघत जा. शनिवारी संध्याकाळी खाली झालात तर रविवार गेलाच. आपली गाडी गुरुवारी पहाटे कोयंबेडूला (चेन्नईच्या भाजी मार्केटला) किंवा सेलमला लागेल अशा बेताने सोमवारी निघा, शुक्रवारी भरून निघता येतं. कोयंबेडूचा धंदा रात्री आणि पहाटेचा, दुपारी पोचलात तर दुसरी पहाट होईपर्यंत बसावं लागतं. पोंगलला, जानेवारीच्या मध्यावर, चार-पाच दिवस तिकडे हमाल मिळत नाही, त्या आठवड्यात तिकडे जाऊच नका, इकडेच जालन्याची सळई, पुणे-मुंबई करा. उलट मार्च-एंडला कंपन्यांना माल बाहेर काढायची घाई असते, तेव्हा रिटर्नलासुद्धा जोरात भाव मागा, मिळतो.

पूर्वी नाक्यांवरच दिवस जायचे, २०१७ ला जीएसटी आलं, सेल्स टॅक्सचे नाके गेले, आता चालायचे दिवस कमी झालेत आणि थांबायचे आपल्या हातात आहेत. त्यामुळे पुढच्या फेरीआधी एवढं करा. पिंपळगावात टीएन-२८ ची गाडी उभी दिसली की ड्रायव्हरशी बोला, चहा पाजा, मालकाचा नंबर घ्या आणि मालकाला सांगा की तुमची पुढची गाडी नाशिककडे येईल तेव्हा दोन दिवस आधी मला कळवा, कांद्याचं मी बघतो. लगेच स्वतःसाठी काही मागू नका. दोन-तीन गाड्या नीट भरून द्या, भाव खरा सांगा, हमालांशी भांडण झालं तर स्वतः जाऊन उभे राहा. मग तुमची गाडी तिकडे जाईल तेव्हा फोन करा. सेलमचे दोन-तीन बुकिंगवाले माझ्या ओळखीचे आहेत, तुमची गाडी निघायच्या आदल्या दिवशी मला मेसेज टाका, त्यांच्याशी बोलून देतो. तोपर्यंत फटी कोरायची पट्टी बनवून घ्या, निफाडला कुठलाही लोहार शंभर रुपयांत देईल.